मागावर कुठला पत्ता चढलाय

चाचा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. दहावी नापास झालेला, तुमच्या शेजारी माग चालवणारा पोरगा आता दिल्लीकडं कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहितो, हे तुम्हाला खरं वाटलं नसतं. माझ्याकडं दोन कामं आहेत. लहान आहे ते गाड्या पोचायच्या वेळा काढतं, त्याला लायब्ररी म्हणतात. मोठं ॲप त्या वेळा ड्रायव्हरला दाखवतं. लहान्याशिवाय मोठं चालत नाही. तीन दिवस मी लायब्ररीतली चूक दुरुस्त करतोय आणि ॲप जुनीच वेळ दाखवतंय. लायब्ररीला हात लावणारी माझ्याशिवाय एकच, नवी आलेली पोरगी. तिची नोकरी अजून कच्ची. मी तिच्यावर नजर ठेवून बसलो, ती जेवायला उठली की माझी फाइल बदललीय का ते उघडून बघायचो. शेवटी साहेबासमोर बोललो, "माझं केलेलं कोणीतरी उलटवतंय." साहेबानं तिच्याकडं बघितलं. ती एवढंच म्हणाली, "मैंने हाथ भी नहीं लगाया." तिला ठेवायचं की नाही, ते सोमवारी ठरणार.

आज कळलं. ॲप माझ्या फोल्डरातली लायब्ररी घेतच नव्हतं. मागच्या महिन्यात एका चाचणीसाठी मीच त्याला लायब्ररीची जुनी प्रत लावून दिली होती. तीच ते धरून बसलंय. मी दुरुस्त करतोय एक, चालतंय दुसरंच.

आपला चादरींचा कारखाना आठवतो. नवी पेठेतल्या दुकानातून दोन चादरी परत आल्यात, मोराची मान वाकडी. नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते मी सकाळीच नवे केलेत, तरी मान वाकडीच येते. मी मालकासमोर ओरडतो, "चाचांनी माझे पत्ते काढले!" तुम्ही तुटलेला धागा जोडताय, मान वर करत नाही. "बेटा, आधी बघ की, मागावर कुठला पत्ता चढलाय. माणसाचा गळा नंतर धर." मालक हसतो, "म्हाताऱ्याला दिसत न्हाय आता, बसवा गठ्ठे बांधायला." तुम्ही त्यानंतर मागावर आला नाहीत. मागावरून उठून जाताना पत्त्याला भोकं पाडायचा तुमचा पंच माझ्या हातात ठेवलात, आणि अजून मला संशय आहे, ते बक्षीस होतं की टोमणा.

एक सांगायचं राहिलं. त्याच दुपारी मी दुसरा माग उघडून बघितला होता. नवे पत्ते मी पहिल्या मागाला चढवले होते, मोर ज्यावर निघत होता त्या दुसऱ्यावर जुनेच होते. गुपचूप बदलले. मालकाला बोललो नाही. तुम्हाला कळलं होतं का?

आजही ॲपला बरोबर फोल्डर गुपचूप लावून ठेवलाय. वेळ बरोबर येतेय, कोणी विचारलं नाही. उद्या सोमवार. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र तर कुठं टाकणार, म्हणून साहेबाला दोन ओळी लिहायला घेतल्या. पहिल्या ओळीत परत "कोणीतरी" आलं होतं. ते खोडून "मी" लिहिलंय. अजून पाठवलं नाही.