भैरवगढला सगळे गप्प बसले तेव्हा

दीदी, मी तुम्हाला मराठीतून लिहिते आहे. तुम्ही होतात तोवर आपलं सगळं हिंदीतून चालायचं, पण आता तुम्हाला भाषेची अडचण राहिली नसेल असं मी धरून चालते. परवा नानाखेड्याच्या घरी जेवताना लेकीने विचारलं, "आई, तू पाहिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती?" तिला वाटलं मी सिंहस्थ म्हणेन. मी म्हटलं, एकदा भैरवगढला वीसेक माणसं गप्प बसली होती, ती. ती हसली, मग मी हसत नाही हे पाहून थांबली. तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे.

भैरवगढच्या तुमच्या बाटिकच्या, मेण लावून कापड रंगवायच्या, कारखान्यात लागले त्याआधी मी बी.कॉम. होऊन घरी बसले होते. नोकरीचं कळल्यावर आईने विचारलं, बाई कोण आहेत? क्वेकर, होशंगाबादकडच्या, असं मी सांगितलं. "म्हणजे ख्रिस्तीच ना? मग चर्चला जात असतील." मी म्हटलं, नाही, रविवारी घरीच गप्प बसतात. आईला ते पटलं नाही. तिच्या मते देवाचं म्हटलं की घंटा वाजायलाच हवी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला बोललात. एका गिऱ्हाइकाला मी चादरीचा भाव चढवून सांगितला होता, म्हणजे घासाघीस करून तो बरोबर जागी येईल. तो गेल्यावर तुम्ही विचारलंत, "वो पहला वाला दाम झूठ था न?" मी म्हटलं, दीदी, सगळेच असं सांगतात, गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. "तो दोनों मिलकर झूठ बोले," तुम्ही म्हणालात, आणि मला चहा ओतून दिलात. त्या दिवशी चहाची पाळी तुमची होती. मालकीणबाई रंगाऱ्यांना चहा देतात हे बघून मी अवघडून जायची.

सिंहस्थाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बाजारात रोज काही नवं येत होतं, आणि सूरतहून बाटिकसारखं दिसणारं, यंत्रावर छापलेलं कापड निम्म्या भावात येऊ लागलं. आपला माल पडून राहायला लागला. तेव्हा इंदूरचा तो व्यापारी नव्या मारुतीतून आला. "माल सूरत से आएगा, आप बस अपना ठप्पा लगाइए, हाथ का काम. और लोग आधे कर दीजिए." तुम्ही म्हणालात, "हम बैठकर बताएँगे." त्याला वाटलं, तुम्ही भाव वाढवताय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही भट्ट्या विझवायला लावल्यात आणि सगळ्यांना शेडमध्ये सतरंजीवर बसवलंत. रंगारी चाचा, ज्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, ते उभेच राहिले. "दीदी, आपका उसूल है, हमारा पेट है." मला वाटलं, आता तुम्ही समजूत घालाल. तुम्ही म्हणालात, "तो पेट को भी साथ लेकर बैठिए. मैं अपना डर लेकर बैठी हूँ." मग ते बसले.

कढईतलं मेण निवतं आहे, त्यावर पांढरी साय धरते आहे. बाहेर कोणाची तरी शेळी ओरडते. सुरुवातीला ती नुसतीच गप्प बसलेली माणसं आहेत. कोणी खोकतं, कोणी नखातला रंग कोरतं, मी मनात दुसऱ्या नोकरीचा अर्ज लिहिते. मग केव्हातरी ती शांतता बदलते. पायरी पायरी करत विहिरीत उतरावं आणि एका पायरीवर एकदम गारवा लागावा, तशी. मी डोळे उघडून तुमच्याकडे पाहते. तुमच्या चेहऱ्यावर उत्तर नाही. तुम्ही खरोखरच वाट पाहता आहात. मला त्याची भीती वाटते, आणि मी डोळे मिटून घेते.

मेण लावणारी खाला बोलली. कारखान्यातला सगळ्यात तयार हात तिचा. कोणालाही काढलं असतं तरी तिला नसतं. मान वर न करता ती म्हणाली, "मेरे हाथ का नाम उस कपड़े पे मत लगाना. और हफ़्ते के मेरे दो दिन इस लड़की को दे दो." शेजारची ती मुलगी नुकतीच कामाला लागली होती. बऱ्याच वेळाने चाचांचा चिरकलेला आवाज आला, "मेरे भी." मग एकेक करून सगळे. मीही बोलले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. कोणी हात वर केले नाहीत, कोणी मतं मोजली नाहीत. शेवटी तुम्ही खालाचा हात हातात घेतलात, तिने त्या मुलीचा, आणि माणसं उठली.

त्या संध्याकाळी माधव नगरच्या तुमच्या स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडताना मी विचारलं, तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना? "नहीं बेटा. ठप्पा तो मैं नहीं लगाती. पर लोगों को कैसे रख पाऊँगी, यह नहीं मालूम था." पुढे जे बोललात ते मी माझ्या भाषेत लिहिते. लोकांना वाटतं आमचे नियम आहेत, खरं बोला, साधं राहा, कोणाला कमी लेखू नका, कोणावर हात उचलू नका. नियम नंतर आले. आधी माणसं गप्प बसली आणि त्यांना आपल्या आत एक उजेड जाणवला. मग शेजारी बसलेल्याच्या आतही तोच आहे, हे दिसलं. एकदा ते दिसल्यावर त्याला चढा भाव कसा सांगणार, त्याच्यावर बंदूक कशी धरणार? "बस, इतनी-सी बात है," असं म्हणून तुम्ही हिंगाची डबी शोधू लागलात.

त्या बसण्यामुळे कारखाना तरला, असं काही झालं नाही. आठवड्यातल्या चार दिवसांच्या मजुरीवर आपण काही वर्षं काढली, तुम्हीही तेवढ्यावरच. चाचांच्या मुलीचा निकाह साधाच झाला, आम्ही सगळे तिथे राबलो. काही जण आपणहून पीथमपूरच्या कंपन्यांत गेले. तुम्ही गेलात आणि वर्षभरात कुलूप लागलं. पण तोवर एकालाही 'उद्यापासून येऊ नकोस' असं कोणी सांगितलं नाही.

हा कागद मला टपालात टाकायचा नाहीच आहे. रोज सकाळी घरातले उठायच्या आधी मी थोडा वेळ गप्प बसते. एक सांगून टाकते, दीदी. माझ्या आत आजवर कोणी काही बोललेलं नाही, उजेडही दिसलेला नाही. बहुतेक वेळा मी भाजीचाच विचार करत असते. तरी बसताना पदर नीट करून बसते, खोलीत आणखी कोणी असावं तशी.