मामाची कोकोची बाग

१२ नोव्हेंबर १९८१

धाकट्या ओसेईला ताईचा आशीर्वाद.

आई बरी आहे, गुडघे तेवढे धरलेत. तुझ्या बायकोची, ग्रेसची, आणि मुलांची आठवण काढते. माझा बोआहेन तुला पत्र का लिहीत नाही म्हणून विचारलंस, ते पुढे सांगते.

आधी कोको. 'यंदा आपल्या बागेचा माल सरकारी कोको मंडळाच्या गोदामात कसा आला नाही?' हे तू मला विचारतोस? अरे, भाव ठरवणाऱ्या कचेरीत खुर्ची टाकून कोण बसलंय? आम्ही शेंगा फोडायच्या, केळीच्या पानांत बिया आंबवायच्या, वाळवायच्या, ढग दिसला की धावत जाऊन झाकायच्या, आणि मंडळाला पोतं घालून साबणाची वडी मिळायची मारामार. परदेशात तोच कोको चढ्या भावानं जातो म्हणे. मधलं कोण खातं? शहरात तुम्हाला बाहेरचा तांदूळ स्वस्तात हवा, मग आमच्या मक्याला कुत्रं विचारत नाही. मागे तुझा साहेब आला होता. म्हणाला, "मावशी, देशासाठी थोडं सोसा." मी म्हटलं, "सोसतोच आहोत. चिखलातून तुमची गाडी कोणी ढकलली?" तो हसला आणि निघून गेला.

कसाव्याच्या कंदांचा भाव मंडळ ठरवत नाही. म्हणून ओढ्याकडची कोकोची झाडं मी तोडवली. आधी जमिनीवर ताडी ओतून, ही बाग तुला ठेवून गेलेल्या आपल्या थोरल्या मामाची माफी मागितली. तुझी मागितली नाही. आता तिथे कसावा आहे. बाकीच्या झाडांचा माल यंदा मी मंडळाला घातलाच नाही.

बोआहेन त्या कामाला आला नाही. "आई, ओसेईमामाच्या मागे ही बाग माझी ना?" म्हणाला. मी म्हटलं, "हो बाबा, मामाची बाग भाच्याला, रीतच आहे. पण तोवर खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी तो सीमेपलीकडे गेला. पोती नेली असती तर शिपायांनी धरला असता. त्यानं बियाण्यापुरत्या पिकल्या शेंगा नेल्या. तिकडे भाव मिळतो. कुणा परक्याच्या जमिनीत तो आपलाच कोको लावतोय, आणि परत येणार नाही असा निरोप आलाय.

भाव ठरवताना एकदा तरी त्याचा चेहरा आठवला का रे तुला? मला संताप आवरत नाही. तुझ्या मुलांना रीतीनं ही बाग मिळत नाही, आणि मला दुसरा मुलगा नाही.

वर सांगून भाव वाढवता येत असेल तर वाढव. नसेल तर रजा काढून ये आणि उरलेली झाडं तुझ्या हातानं तोड. माझ्यानं आता होणार नाही.

तुझ्या वारसाची आई,
अद्वोआ