हनुवटीच्या खाली

ता. ९ नोव्हेंबर
रविवार सकाळ

प्रिय खलाशा,

खलाशी म्हटलं की तुला राग येतो, माहीत आहे. इंजिनरूममधल्या माणसाला खलाशी म्हणत नाहीत, हे तू मला लग्नाच्या आधीपासून शिकवतो आहेस. सतरा वर्षं झाली, अजून डोक्यात शिरत नाही.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तुमच्या कंपनीच्या ऑफिसातल्या बाई हसत होत्या. म्हणाल्या, "आता सगळे फोनवर बोलतात. टपालाच्या पिशवीत फक्त तुम्हा दोघांचीच पाकिटं असतात." मी म्हटलं, फोनवर बोलतो आम्ही, पण फोनवर हा माणूस फक्त जेवलीस का एवढंच विचारतो.

मी मजेत आहे. जेवते, झोपते, वेळेवर गोळ्या घेते. तीन महिन्यांची तपासणी झाली, सगळं स्वच्छ आहे, काळजी करू नकोस. दाढेचं पुन्हा विचारलंस. अरे, ऑगस्टमध्ये काढली, आता नोव्हेंबर उजाडला. माणूस एका दाढेची किती दिवस चौकशी करणार?

ड्रायव्हिंग स्कूल जोरात चाललंय. सध्या माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला येतात. वय बासष्ट. आम्ही सगळे त्यांना हेडबाई म्हणतो. यजमान गेले, गाडी दारात धूळ खात उभी, म्हणून शिकायचं ठरवलं. क्लच सोडताना शिस्त मोडल्यासारखा चेहरा करतात. परवा एका सायकलवाल्याला काच खाली करून म्हणाल्या, "रांगेत चल!" आणि तो बिचारा चाललासुद्धा.

तुझ्या कपाटावर मी डल्ला मारला आहे, हे आधीच कबूल करते. निळा चौकटीचा शर्ट, तो करडा, आणि तुझा लाडका पांढरा. कामावर तेच घालते. बाह्या दुमडल्या की बरे बसतात. पहिल्या दिवशी करड्याला तुझा वास होता, डिझेलचा आणि साबणाचा मिळून जो असतो तो. धुवावा लागला तेव्हा जिवावर आलं. का घालते, ते विचारू नकोस. मला आवडतात म्हणून.

काल फोनवर म्हणालास, "जरा लांब धर ना, नुसतं कपाळ आणि हनुवटी काय दाखवतेस?" लांब धरला की आवाज नीट येत नाही रे. आणि कपाळाला काय झालंय? चांगलं आहे की कपाळ.

जानेवारीअखेर येशील. एक्याऐंशी दिवस. मी मोजत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर आपोआप नजरेस पडतं.

अजून एक लिहायचं होतं. पण हेडबाईंची वेळ झाली. पुढच्या वेळी.

कपाळ, हनुवटी आणि मधलं सगळं तुझंच,
मी


ता. २ डिसेंबर

प्रिय,

आज थट्टा नको. आज सरळ लिहिते.

मी दाढ काढलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये डावीकडचं लाल झालं. ते बसवलेलं, सिलिकॉनचं. दोन दिवस मी अंगावर काढलं, तिसऱ्या दिवशी ताप एकशे तीन. तुझी बहीण मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत संसर्ग झालाय, काढावं लागेल. जखम भरली की सहा महिन्यांनी पुन्हा बसवू.

मी म्हटलं, "पुन्हा नको. उजवीकडचंही काढून टाका. दोन्ही बाजू सपाट करा."

त्यांनी चष्मा काढला. "नीट विचार केलात? मिस्टरांशी बोललात?"

"हो," म्हटलं.

बोलले नव्हते. तुझी बोट तेव्हा कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती, फोन लागत होता, पण मी लावला नाही. संध्याकाळी तुझाच आला. आवाज बसलेला ऐकून तू विचारलंस काय झालं, आणि तोंडातून दाढ निघाली. तुझ्या बहिणीला मी शपथ घातली होती. चार दिवस माझ्या उशाशी बसली पोर, तुझा फोन आला की बाहेर जाऊन उभी राहायची. तिच्यावर रागावू नकोस. काय बोलायचं ते मला बोल.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मला तुझा पहिला क्षण दिसला असता. दुसऱ्या क्षणी तू सावरशील, चांगलंच बोलशील, मी ओळखते तुला. मला तो पहिला बघायचा नाही. म्हणून पत्र.

आता, दोन्ही का काढून टाकली, ते. हे लिहायला हात जड होतोय.

पहिल्या ऑपरेशननंतर पट्ट्या सुटल्या तो दिवस तुला आठवतो? तू खुर्ची ओढून अगदी जवळ आलास. बघितलंस आणि म्हणालास, "बघ, काही झालंच नाही असं वाटतंय." आणि रडलास. वर्षभर बोटीवर गेला नाहीस, माझी उलटीची भांडी धुतलीस, डोक्यावरचे उरलेसुरले केस स्वतःच्या हाताने काढलेस, कधी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतंस. त्या दिवशी रडलास, सुटल्यासारखा. ते वाक्य मी तेव्हापासून छातीवर वागवत होते.

पण झालं होतं ना रे. मला झालं होतं.

ती दोन्ही थंड असायची. कुशीवर झोपले की दुसऱ्या कुणाचं तरी सामान अंगाखाली आल्यासारखं वाटायचं. आणि हे तुला कधी सांगितलं नाही: तुझा हात तिथे असला तरी मला कळायचं नाही. डोळे उघडून बघावं लागायचं. हात दिसला की मी सुखावल्यासारखा चेहरा करायची. तू इतक्या हळुवारपणे हात ठेवायचास, आणि मी तिथे नसायचीच.

माझी स्वतःची मला फार आठवतात. हे कुणाजवळ बोलता येत नाही. जीव वाचला ना, मग झालं, असं म्हणतात सगळे. खरंच आहे ते. पण जिना भराभर उतरताना मी अजून हात आडवा धरते, सवयीने. धरायला काही नसतं. मग तिथेच पायरीवर थांबते जरा.

कपड्यांचं तर विचारूच नकोस. सगळे जुने कुर्ते, सगळे टॉप समोरून छातीसाठी टक्स मारलेले. ते रिकामे राहतात आणि छातीवर वळ्या पडतात, कुणीतरी आतून ओढून घेतल्यासारख्या. गळे खाली घसरतात. आणि पोट, जे इतकी वर्षं सावलीत गुपचूप बसलं होतं, ते एकदम पुढे येऊन उभं राहतं. तुझ्या शर्टांना टक्स नसतात. आता कळलं ना, का घालते.

तुझी बहीण म्हणाली, "वहिनी, बाहेर जाताना तरी काहीतरी घाल ना. लोक बघतात." तिनेच फोमचे कप असलेली ब्रा आणून दिली. प्रेमाने आणली, म्हणून घातली. एक मुलगी रिव्हर्स शिकत होती. तिला दाखवायला मी मागे वळले, आणि डावा कप निघाला तो थेट काखेत. मी तसाच दाबून धरून पाऊण तास शिकवलं. "मॅडम, हात दुखतोय का?" म्हणाली ती. त्या दिवसापासून ती ब्रा कपाटात आहे. मग मोठा स्कार्फ आला. खांदे पुढे काढून, स्कार्फ पसरून, मी तीन महिने कुबडासारखी बसत होते.

ते मोडलं हेडबाईंनी.

गेल्या मंगळवारी त्यांनी चौकात अचानक ब्रेक दाबला. पट्टा माझ्या छातीवर आवळला आणि माझ्या तोंडून "आई गं" निघालं. गाडी कडेला घेतली. त्या घाबरल्या होत्या, पण बोलल्या वेगळंच. "मी महिनाभर बघते आहे. मला सांगता पाठ ताठ ठेवा, लांबवर बघा. आणि स्वतः अशा बसता. शिकवणाऱ्याला शोभत नाही हे."

माझं काय झालं कोण जाणे. मी स्कार्फ काढला आणि मागच्या सीटवर टाकला. म्हटलं, "बाई, कॅन्सर होता. दोन्ही नाहीत मला. म्हणून अशी बसते."

त्यांनी बघितलं. चोरून नाही, नीट बघितलं. मग म्हणाल्या, "बरं. पट्टा लागला का फार?"

"नाही, दचकले फक्त."

"मग पहिला गिअर टाकू का?"

मी इतकी हसले की त्यांना थांबावं लागलं. चार महिन्यांत कुणीतरी ऐकून घेतलं आणि चेहरा पाडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी शिंप्याकडे गेले. शाळांचे गणवेश शिवतात, ते म्हातारे काका. मापं घेताना टेप छातीशी आली आणि त्यांचा हात थबकला. मी म्हटलं, "काका, तिथे काही नाही. आहे तेच माप घ्या." त्यांनी मान हलवली. कागदावर लिहिताना स्वतःशीच पुटपुटले, मग म्हणाले, "सोपं आहे, ताई. टक्स नकोत. खांदा चांगला आहे तुमचा, कापड खांद्यावरून सरळ सोडू. उगाच झाकायला गेलो की तिथेच नजर जाते." गडद हिरव्या कापडाचा लांब झगा शिवला, गळा वर, बंद, आणि एका खांद्यापासून खाली तिरकी जाणारी शिवण.

काल तो घालून मी बँकेत गेले. रांगेतल्या एका गृहस्थांनी चेहरा बघितला, छाती बघितली, पुन्हा चेहरा. मला वाटलं आता खांदे आपोआप वळतील. वळले नाहीत. शेवटी त्यांनीच भिंतीवरची सूचना वाचायला घेतली. खूप मोठं काही झालं नाही, पण मला घरी येऊन कुणाला तरी सांगायचं होतं. दार उघडलं, आणि तू नव्हतास.

आता तुला सगळं माहीत आहे. लगेच फोन करू नकोस. मी बरी आहे. खरं सांगू का, तुझ्याशिवाय बाकी सगळ्यात बरी आहे. परत आलास की मला बघशील, आणि या वेळी काहीतरी झालंय असंच दिसेल. तुला ते बघवेल का, याचा विचार कर. आणि खरं तेच लिही. चांगलं नको, खरं.

वाट बघणारी आणि घाबरलेली,
मी


ता. ११ जानेवारी

प्रिय,

तुझं पत्र आलं. ऑफिसच्या जिन्यातच बसून वाचलं, तीनदा.

तू रागावलास हे बरं झालं. "दाढ? तीन महिने मी तुझ्या दाढेची चौकशी करत होतो, आणि तू मला मीठ टाकून गुळण्या करतेय म्हणून सांगत होतीस?" हे वाचून मला रडू आलं आणि हसूही आलं. हक्क आहे तुझा. ऑपरेशनच्या टेबलावर एकटी गेलीस, हे सगळ्यात जास्त लागलं, असं लिहिलंस. मलाही लागलं. भूल देताना तिथल्या नर्सने माझा हात धरला होता आणि मी डोळे मिटून तो तुझा आहे असं समजले होते. हे आधी लिहायला धजले नव्हते.

त्या वाक्याबद्दल तू लिहिलंस: "ते मी तुला उद्देशून म्हटलं नव्हतं. स्वतःलाच समजावत होतो. मी इतका भ्यालो होतो की मला खरंच काही झालं नसावं असं हवं होतं." इतके दिवस एका घरात राहून आपण एकमेकांपासून भीती लपवली, आणि दोघंही गुणी ठरलो.

आणि तू खरं लिहिलंस, म्हणून फार बरं वाटलं. "मला बघवेल की नाही, माहीत नाही. बघितल्यावर कळेल. पहिल्यांदा माझा चेहरा कसा होईल याची खात्री देत नाही." नको देऊस. मीसुद्धा पहिल्यांदा आरशासमोर उभी राहिले तेव्हा माझा चेहरा चांगला झाला नव्हता. नवव्या-दहाव्या दिवशी जमला. तुलाही दहा दिवस देईन. मी कुठे जात नाही.

तुझी बहीण एकोणतीसला मला गाडीतून विमानतळावर घेऊन येणार म्हणत होती. तिला म्हटलं, मी एकटी येईन, मीच चालवत. बाहेर येशील तेव्हा गर्दीत मला शोधू नकोस, मी ताठ उभी असेन, दिसेन.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर राहिलं. पानाच्या अगदी खाली, बारीक अक्षरात, खोडून पुन्हा लिहिलेली ती ओळ: "हात लावला तर दुखेल का?"

नाही. व्रणांच्या कडेने अजून बधिर आहे. पण मधोमध, हाडावर, दोन बोटं रुंद जागा गेल्या महिन्यात जागी झाली. आंघोळीचं गरम पाणी तिथे लागलं आणि कळलं. मी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा कळलं. अजून कुणाला सांगितलं नाही. तिथे हात ठेवलास तर मला डोळे उघडून बघावं लागणार नाही.

आहे तेवढी, सगळी तुझी,
मी