सुईखालचा रुंद पाय

मी, वाकड्या पाठीला आधार देणारे कॉर्सेट शिवणारी, वय एकाहत्तर, डोळ्यांनी अधू पण डोक्याने शाबूत, हे मृत्युपत्र स्वतः सांगून वकीलबाईंकडून लिहून घेत आहे. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट चिरंजीव दोन दिवस हे लिहू नकोस म्हणून विनवत आहेत. डॉक्टरांच्या मते माझे हे वर्ष पुरे होणार नाही. याआधीचे माझे सगळे कागद रद्द समजावेत.

कलम एक. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि शिवणखोली चिरंजीवांना. त्याला एक अट आहे, ती कलम चारमध्ये सांगितली आहे. ती पाळली नाही तर तिन्ही खोल्या वाकड्या पाठीच्या मुलांच्या दवाखान्याला जातील. बँकेत जे काही आहे ते सूनबाईंचे, कारण तीन वर्षे माझी अंघोळ त्या घालत आहेत आणि एकदाही त्यांनी नाक मुरडलेले नाही. धाकटे दीर चाळीस वर्षे "वहिनी, हा धंदा मेलेला आहे" असे सांगत आले. शेवटी त्यांच्याच कमरेला माझे कॉर्सेट लागले. ते त्यांनी वापरावे, त्यांना दुसरे काही नाही.

कलम दोन. मोठे मशीन, कात्र्या, पोलादी पट्ट्या वाकवायची पक्कड आणि मशीनच्या पायांचा पत्र्याचा डबा चिमटीला द्यावा. चिमटी माझ्याकडे सोळा वर्षे शिवत होती. बोटे बारीक आणि पकड घट्ट, म्हणून हे नाव मीच ठेवले. गेली बावीस वर्षे ती चौकातल्या गणवेशाच्या दुकानात काजे-बटणे करते. का, ते पुढे येईलच.

कलम तीन. पायांबद्दल, कारण डबा ज्याच्या हाती जाईल त्याला हे कळले पाहिजे. सुईखाली कापड दाबून धरणारा लोखंडी तुकडा म्हणजे पाय. डब्यात चार आहेत. चाकाचा पाय कातड्यासाठी, कारण साध्या पायाला कातडे चिकटते. खाचेचा पाय काठातल्या दोरीसाठी. एकाच बाजूचा अरुंद पाय पोलादी पट्टीच्या कडेने शिवायला. कॉर्सेटच्या दोन थरांत पट्टी सरकवली की तिच्या अगदी लगत शिवण घालावी लागते, नाहीतर पट्टी हलते आणि माणसाची कातडी सोलते. चौथा रुंद पाय सपाट कापडासाठी, फक्त सपाट कापडासाठी. पट्टीजवळ लावला तर तो तिच्यावर चढतो, तिरका होतो आणि सुई पोलादावर आपटते. पाय निवडताना वरचे कापड बघू नये, आत काय आहे ते बघावे. हे मी हाताखालच्या प्रत्येकीला शिकवले. चिमटीला एकदाच सांगावे लागले होते.

कलम चार. आमच्याकडे सुयांची वही होती. सुई मोडली की काम थांबवायचे, सगळे तुकडे शोधायचे आणि वहीत चिकटपट्टीखाली जोडून ठेवायचे. आख्खी सुई दिसेपर्यंत पुढचा टाका घालायचा नाही. शेजारी तारीख आणि नाव.

बावीस वर्षांपूर्वी एका दुपारी एका शिक्षिकेच्या चौदा वर्षांच्या मुलीचे कॉर्सेट द्यायचे होते. चिमटी जेवायला गेली होती. तिच्या मशीनवर बसून मी आधी अस्तर शिवले, त्यासाठी रुंद पाय लावला. मग पट्टीची शिवण घ्यायची होती. पाय बदलायला पेलाभर पाणी पिण्याइतका वेळ लागतो. मी बदलला नाही. तीस वर्षे शिवत होते, मला कशाला हवा अरुंद पाय, असा माज होता. सुई मोडली. दोन तुकडे सापडले, टोक सापडले नाही. सगळे उसवून बघायला हवे होते, पण शिक्षिका बाहेर येऊन बसल्या होत्या. मी दुसऱ्या मोडक्या सुईचे टोक वहीत चिकटवले आणि मशीन तिचे म्हणून चिमटीचे नाव लिहिले.

सहाव्या दिवशी शिक्षिका पुन्हा आल्या. "पोरगी म्हणते कुशीत टोचतंय," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "नवं आहे, टोचणारच. रडली तरी काढू देऊ नका."

मुलगी ऐकणाऱ्यातली होती. तिने काढले नाही. जखम चिघळली, विष अंगात पसरले आणि अठराव्या दिवशी ती गेली. डॉक्टरांनी कुशीतून सुईचे टोक काढले होते. ते घेऊन शिक्षिका दुकानात आल्या तेव्हा मी वही उघडली आणि चिमटीच्या नावावर बोट ठेवले.

चिमटी म्हणाली, "बाई, मी जेवून आले तेव्हा मशीनला रुंद पाय होता. मी पट्टीला रुंद पाय लावते का कधी? सांगा ना त्यांना."

मी म्हटले, "तूच लावलास. वर तोंड करून बोलतेस." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी तिला सगळ्यांसमोर काढून टाकले. त्यानंतर कोणी तिला कॉर्सेटला हात लावू दिला नाही.

अट अशी. मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत चिरंजीवांनी वहीचे ते पान घेऊन शिक्षिकेकडे जावे आणि हे कलम त्यांना उभ्याने वाचून दाखवावे. आता मला जिना उतरवत नाही हे खरे, पण उतरवत होता तेव्हाही मी गेले नाही. चिरंजीव म्हणतात, "आई, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांनी कोणाला काय फरक पडतो?" चिमटीला पडतो.

कलम पाच. वरचे सगळे लिहून झाल्यावर आज सकाळी चिमटीला बोलावून घेतले. वकीलबाईंनी वाचून दाखवले. तिने डबा उघडून रुंद पाय बाहेर काढला आणि वाचन संपेपर्यंत हातात धरून ठेवला.

"वरातीमागून घोडं," ती म्हणाली. मी माफी मागितली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. वकीलबाईंना विचारले, "साक्षीला कोण आहे?"

"खालचे चष्मेवाले. अजून एक लागेल."

"मी करते सही."

"तुम्हांला मशीन मिळतंय ना. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. दिली तर ते हातचं जातं."

"मग माझं कलम खोडा."

मी म्हटले, "अगं, मशीन तरी ने. तुझंच आहे ते."

"बाई, वहीत तुम्ही माझं नाव मला न विचारता लिहिलंत. इथे मी माझ्या हाताने लिहिणार." मग वकीलबाईंना म्हणाली, "आणि मी माफ केलं असं कुठे लिहू नका."

म्हणून कलम दोन रद्द. मशीन, हत्यारे आणि डबा शिवणशाळेला द्यावा, कलम तीनची नक्कल डब्यात ठेवून. चिमटीने माफ केले असे कुठेही लिहिलेले नाही.

स्थळ: शिवणखोली, खिडकीजवळचे कापायचे टेबल.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, सकाळचे साडेअकरा.

लिहून देणार: (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली.

साक्षीदार पहिले: (सही) व्यवसाय: चष्मे बनवणे.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) व्यवसाय, त्यांनी स्वतः सांगितल्याप्रमाणे: कॉर्सेट शिवणे.