चौदाव्या तंबूची माणसं

३ तारीख, सोमवार
पोचले एकदाची! पुरातून हलवलेली दोनशे माणसं, तंबूंची लांबलचक ओळ, आणि नर्स आम्ही दोघीच, मी आणि थोरल्या सिस्टर. काम अवघड नाही, पायांचे मात्र तुकडे पडतात. सकाळी तंबूतंबूतून फिरायचं, ताप-जुलाब विचारायचे, पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, पोरांना लस टोचायची. वहीत नाव लिहिलं की त्या माणसाला कार्ड मिळतं आणि कार्डावर त्याच्या नर्सची सही असते. सहाव्या तंबूतली चिमणी पहिल्याच दिवशी माझ्या कडेवर चढली. मी खूश!

५ तारीख, बुधवार
जिथे जावं तिथे एकच प्रश्न : थोरल्या सिस्टर नाही आल्या? मी काय उपटसुंभ आहे? त्या सुई टोचतात तरी लोक हसतात! पोटात दुखतं माझ्या, खोटं कशाला बोलू? शेवटच्या, चौदाव्या तंबूत तर थोरल्या सिस्टर मला पाऊलही टाकू देत नाहीत. त्यांच्याकडे मी बघते, म्हणाल्या, आणि तू नावं तर मुळीच लिहू नकोस. स्वतः दारातूनच हाक मारतात, दोन शब्द बोलतात, निघतात. लोणचं घालायचंय का त्या माणसांचं?

६ तारीख, गुरुवार
थोरल्या सिस्टर लस आणायला गेल्या आणि मी चौदाव्यात शिरले. आजी, नवरा-बायको, दोन मुली. पूर ओसरून पंधरा दिवस झाले तरी अंगावरचे कपडे ओले. थर्मामीटर बिघडलाय बहुतेक, पाचही जणांत मोजण्याइतकी ऊब दाखवेना. पाणी देऊ का विचारलं, तर आजी म्हणाली, नको बाई, पोटभर प्यालोय. पाचही नावं लिहिली, कार्डांवर सह्या ठोकल्या. आजीने विचारलं, म्हणजे तू आता आमची? मी म्हटलं, तुमचीच! इथे आल्यापासून असं कुणी म्हणालं नव्हतं.

८ तारीख, शनिवार
लसीसाठीच्या माझ्या रांगेत आज ती पाच जणं सगळ्यांच्या पुढे. बाकीचे हळूहळू थोरलीच्या रांगेत सरकले. तुमच्याकडे फार गारठा वाटतो, म्हणे. गेलात उडत! आजी मात्र कुरकुरली, की सहाव्यातल्या पोरीला कडेवर घेतेस, आमच्या मुलींना नाही.

९ तारीख
चिमणी आजारी. काल उड्या मारत होती — आज कोरड्या खाटेवर पडलीय आणि छातीत पाणी. डॉक्टरांनाही कळेना. शेवटी थोरलीला सगळं सांगितलं. ती पांढरीफटक पडली. पुरानंतर चौदाव्यातल्या त्या घरातली पाचही प्रेतं तिनेच ओळखली होती. आपण गेलोय हे त्यांना ठाऊक नाही, म्हणाली. रोज कुणी विचारपूस केली की गप्प राहतात. तू कार्ड दिलंस, हक्क दिलास. आता तुझ्यात त्यांना वाटेकरी नकोय.

१० तारीख
थोरलीने कार्डांवरची माझी सही खोडून स्वतःची केली. तासाभरात चिमणीने बादलीभर पाणी ओकलं आणि उठून बसली. देवा, किती रडले मी! चिमणीची आई पाया पडली ती थोरलीच्या. माझ्याकडे कुणी बघेना. आणि ती पाच जणं — आता तिच्या रांगेत. मुली तिला बिलगलेल्या. अगं, माझी माणसं ती! मला आपणहून मागणारी तेवढीच तर —

११ तारीख
थोरलीचे ओठ निळे. खोकते, तोंडातून पाणी येतं. म्हणते, छावणीत कुणाला हात लावू नका, मलाच न्या, असं सांगितलंय त्यांना; पोर वाचली ना, मग झालं. अख्खी छावणी तिच्याभोवती बसलीय. मेली तरी हीच मोठी होणार —

दुपार
चौदाव्यात आलेय. तिला वाचवायला जाते, असं बाहेर सांगितलं. खोटं. मला ती परत हवीत. सह्या केल्या — पाचही. आजी म्हणते, सहीने भागायचं नाही आता. वहीत आमच्या पाचांखाली नाव लिही. तुझं.

पाणी घोट्यापर्यंत — कुठून — मुली मांडीवर, गारढोण — आजी विचारते, आता बाहेरच्यांची नाहीस ना — नाही गं, तुमचीच — बाहेर चिमणी मला हाका मारतेय. मला! थोरलीला नाही, मला — उठता येईना — वही भिजतेय —

क्रमांक सहा :