पेटीत न पडलेलं मत

अण्णा, परवा विधानसभेसाठी मत देऊन आले. बूथवरच्या पोरीनं ओळखपत्र पाहिलं, बोटाला शाई लावली आणि ‘आज्जी, तिकडं’ म्हणाली. कुणाचं नाव घ्यावं लागलं नाही. बाहेर आले आणि इतक्या वर्षांनी तुमच्यावर पुन्हा संताप आला.

तुम्ही वकिली करता करता निवडणुकीला उभे राहिलात, तेव्हा निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. बाप आमदार होताना लेकीनं पाहावं म्हणून मला सोलापूरच्या कॉन्व्हेंटमधून मुद्दाम घरी आणलं होतं. परंड्याच्या बाजारात तुम्ही बायांना हात जोडून सांगत होतात, घराबाहेर पडा, मत द्या, कुणाला भिऊ नका. भाषण चांगलं होतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या.

मतदानाच्या आदल्या दिवशी आई भाकरी थापतेय. मी पाटावर बसून मतदान केंद्रातला कारकून झालेय; ओळख पटवायला तो बाईला नवऱ्याचं नाव विचारतो, त्याचीच ही तालीम. बाई, मालकाचं नाव काय? आई लाजते, हसते, परातीकडं बघत तुमचं नाव पुटपुटते. जन्मात पहिल्यांदा. मी म्हणते, ऐकू आलं नाही. ती मोठ्यानं घेते, आणि दारात तुम्ही.

“माझं नाव तोंडात घेतेस? चार लोक ऐकतील तर काय म्हणतील?”

एवढंच बोललात. उरलेल्या भाकरी तिनं थापल्या.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या केंद्रात खऱ्या कारकुनानं तोच प्रश्न विचारला. शाळेसमोरच्या भिंतीवर तुमचं नाव हातभर अक्षरांत रंगवलेलं, आणि आई गप्प. मग मीच सांगितलं. समोरच्या उमेदवाराचा माणूस तिथं बाकावर बसला होता. तो म्हणाला, “लेकराचं चालत न्हाय, साहेब. बाईनं आपल्या तोंडानं सांगावं.” कारकुनानं पुन्हा विचारलं. आई माघारी वळली. मागं आपल्या गल्लीतल्या बायका होत्या. वकिलीणबाईंनीच नाव घेतलं नाही, मग आपण कसं घ्यायचं, म्हणून त्याही परतल्या.

तुम्ही पडलात, तेही त्या गल्लीतल्या बायकांएवढ्याच मतांनी. मग जन्मभर, पाहुणे आले की चहाबरोबर तुमचं वाक्य यायचं, हिच्या तोंडापायी आमदारकी गेली. पाहुणे हसायचे, तुम्हीही हसायचात. आई कपबशा उचलायची. आदल्या दिवशी आपण नाव घ्यायला शिकत होतो, हे तिनं एकदाही कुणाला सांगितलं नाही. मी चिडून विचारलं, का नाही सांगत? ती म्हणाली, “ह्यांना ठाऊकय. म्हणून तर हसतात.”

माझी जीभ तिखट आहे, हे मला शाळेतल्या सिस्टरपासून ऑफिसातल्या साहेबापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. तुम्हाला मात्र कधी काही बोलले नाही, म्हणून हे लिहिलं. पाकिटात घालून आईच्या फोटोमागं ठेवणार होते. पाकिटावर अण्णा लिहायचं नव्हतं, तुमचं पूर्ण नाव लिहायचं होतं. पेन टेकवलं. एवढीशी होते तेव्हा ते नाव सगळ्या केंद्रासमोर ठणकावून सांगितलं होतं. आज घरात कुणी नसताना लिहवेना. पाकीट कोरंच आहे.