दुसरीच्या डोळ्यांपुढं

पासली, ता. वेल्हे
१२ फेब्रुवारी १९७४

चि. बाजीराव यास थोरला भाऊ कोंडिबाचा आशीर्वाद.

हितं समदी खुशाल. आयचा गुडघा बरा हाय, तुझी वयनी रोज शेकून देती. तुझं पत्र सोमवारी पोचलं. न पोचतं तर बरं झालं आसतं.

म्हणं, ‘दुसरी शेळी रोगट व्हती, ती तू माझ्या गळ्यात मारलीस, माझा प्रबंध अडला.’ आरं, लिवताना तुझा हात कसा न्हाई कापला? दोन्ही शेळ्या एका आईच्या, एका वेताच्या. एकाच रानात चरल्या, एकाच यष्टीनं म्या त्या पुण्याला आणल्या. आन एक चांगली, एक रोगट? धनगरानं रोगट जनावर दिलं आसं लोक म्हणतील तर म्हणू देत, तू म्हणतोस!

दिवाळीला अंगणात बसून तूच समजावलं व्हतंस. जनावर भ्यालं की रक्तात एक रस सुटतो, तो पेशीच्या दारावर थाप मारतो. मग आतलं एक एन्झाइम जागं व्हतं, ते दुसऱ्याला फॉस्फेट चिकटवतं, दुसरं तिसऱ्याला. फॉस्फेट चिकटलं की तिसरं कामाला लागतं आन मांसात साठलेली साखर मोकळी करतं, पळायला बळ यावं म्हणून. भ्या गेलं की फॉस्फेट काढून घेणारं बी एक आसतंय. मला चौथी पास माणसाला समजलं. तुला निवांत जनावराचं मांस पायजे व्हतं, फॉस्फेट न लागलेलं. व्हय ना?

मग पहिली शेळी दुसरीच्या डोळ्यांपुढं का कापलीत?

आपल्या वाडीवर एकीच्या देखत दुसरीला कवा कुणी हात लावलाय? आबा जिते आसते तर तुझ्या पाठीत काठी घातली आसती. तुझी दुसरी शेळी दावं तोडाया बघत व्हती, लटलट कापत व्हती, जागीच मुतली. रोग कसला डोंबलाचा! मरणाचं भ्या व्हतं ते. तुझ्या प्रयोगाच्या नळीत तेच उतरलं. एवढी बुकं वाचलीस आन शेळी इसरलास.

म्हणशील, दादा, तवाच का न्हाई बोललास? बोलणार व्हतो. पुढं बी झालो. तेवढ्यात तुझ्या सरांनी इचारलं, ‘हे कोण?’ तू माझ्याकडं न बघता म्हणालास, ‘शेळ्या पुरवणारा माणूस.’

म्या तोंड मिटलं. बिघडू दे ह्याचं, म्हणलं. ह्यो माझा गुन्हा, कबूल करतो. आयला ह्यातलं काय सांगितलं न्हाई. तिला वाटतंय, तू मला शेजारी बसवून जेवू घातलंस.

आता तिसरी शेळी पाठव म्हणतोस. न्हाई पाठवणार. सरांना घेऊन तू ये. शेळीजवळ सावलीत घटकाभर बस, तिचं भ्या जाऊ दे, मग काय करायचं ते कर. आन सरांनी परत इचारलं, ‘हे कोण?’ तर माझ्याकडं बघून सांग.

तवर माझी सही हीच.

शेळ्या पुरवणारा माणूस,
कोंडिबा